पोकरची मोठी स्पर्धा: व्यावसायिक जिंकतो की हौशी?

प्रश्न असा आहे की पोकरच्या मोठ्या स्पर्धा जिंकण्याची शक्यता कोणाची जास्त: त्यावरच पोट असलेल्यांची, की नोकरीधंदा सांभाळून हौसेने खेळणाऱ्यांची? आणि व्यावसायिकच सरस असतील, तर 2003 मध्ये एक साधा अकाउंटंट जगज्जेता कसा झाला?

मी बरीच वर्षं स्पर्धा खेळतोय, नवीन पोरांना शिकवतोही. हा प्रश्न दर बॅचमध्ये येतो आणि दर वेळी त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. ‘एक व्यावसायिक आणि एक हौशी घेतला तर कोणाची शक्यता जास्त?’ हा एक. ‘करंडक कोणत्या गटात जाईल?’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कायम व्यावसायिक. दुसऱ्याचं उत्तर मैदानात कोण किती आहेत त्यावर ठरतं. हजार हौशी आणि दहा व्यावसायिक बसवलेत तर बहुधा हौशीच जिंकेल, आणि तरीही त्या दहांपैकी प्रत्येक जण त्या हजारांपैकी कोणाहीपेक्षा वरचढ असेल. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

आता आकडे मांडतो, कारण त्याशिवाय ही चर्चा चहाच्या टपरीवरची होते.

लास वेगासची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, तिची मेन इव्हेंट म्हणजे मुख्य स्पर्धा, बाय-इन (प्रवेशासाठी भरायची रक्कम) 10,000 डॉलर. अलीकडच्या वर्षांत तिथे साधारण दहा हजार खेळाडू असतात: 2023 ला 10,043, 2024 ला 10,112, 2025 ला 9,735. प्रत्येकाला 60,000 चिप्स (डावात पैशांऐवजी लावायची नाणी) मिळतात. म्हणजे स्पर्धेत एकूण सुमारे 60 कोटी चिप्स, आणि जिंकणाऱ्याकडे शेवटी त्या सगळ्या असतात. 60,000 चे 60 कोटी व्हायला चिप्स किती वेळा दुप्पट व्हाव्या लागतात? तेरा वेळा आणि थोडं वर. बरोबरीच्या खेळाडूसाठी प्रत्येक दुप्पट म्हणजे नाणेफेक. तेरा-सव्वातेरा वेळा छापा पडायला हवा, की झाली दहा हजारांत एक ही शक्यता.

समजा एखादा खेळाडू जरा बरा आहे आणि दर टप्प्यावर त्याची शक्यता 50 ऐवजी 55 टक्के आहे. ऐकायला फरक फुटकळ वाटतो. पण तो तेरा वेळा गुणला जातो, आणि जिंकण्याची शक्यता दहा हजारांत एकवरून साधारण 2,800 मध्ये एकवर येते. साडेतीन पट. 57 टक्के धरलेत तर 1,750 मध्ये एक. 60 टक्के धरलेत, आणि तसे खेळाडू जगात मोजकेच, तर 890 मध्ये एकच्या आसपास. हे कागदावरचं ढोबळ गणित आहे, प्रत्यक्षात चिप्स अशा नेमक्या टप्प्यांनी वाढत नाहीत. पण त्यातून जे दिसतं ते खरं आहे.

त्यातली एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. सगळे म्हणतात की गर्दी वाढली की कौशल्य बुडतं आणि नशीब वर येतं. 64 जणांची स्पर्धा घ्या. तिथे सहा वेळा दुप्पट व्हायचं. 55 टक्केवाल्याची शक्यता 36 मध्ये एक, म्हणजे सरासरी खेळाडूच्या जेमतेम पावणेदोन पट. दहा हजारांत तीच साडेतीन पट झाली होती. म्हणजे गर्दी वाढली की चांगल्या खेळाडूची *तुलनेने* आघाडी वाढते, कारण तिला वाढायला जास्त टप्पे मिळतात. घटते ती त्याची प्रत्यक्ष शक्यता. साडेतीन पट झाली तरी 2,800 मध्ये एक म्हणजे आयुष्यभर न येणारी गोष्ट. एखादा व्यावसायिक चाळीस वर्षं न चुकता मेन इव्हेंट खेळला तरी ती एकदा जिंकण्याची त्याची शक्यता दीड टक्क्याच्या आतच राहते. म्हणून फिल आयव्ही आणि डॅनियल नेग्रानू अशा नावाजलेल्या व्यावसायिकांच्या नावावर मेन इव्हेंट नाही यात आश्चर्य काहीच नाही. आयव्ही 2009 ला सातवा आला. नेग्रानू 2001 ला अकरावा आणि 2015 ला पुन्हा अकरावा. खरं म्हणजे शेकडो-हजारो लोकांच्या मैदानात इतक्या वर पोचणंच विलक्षण आहे, पण लोक विचारतात ते ‘जिंकला का?’ एवढंच. फिल हेलम्युथकडे 17 ब्रेसलेट आहेत (वर्ल्ड सिरीजमधली एकेक स्पर्धा जिंकली की मिळतं ते कडं), हा विक्रम आहे. त्यात मेन इव्हेंटचं एकच, 1989 चं, तेव्हा तो 24 वर्षांचा होता.

आता दुसरा प्रश्न, गटाचा. मेन इव्हेंटमधल्या दहा हजारांपैकी 1,500 जण पोकरवर जगणारे आहेत असं समजा. ही माझी धरलेली संख्या आहे, कोणी मोजलेली नाही. त्या प्रत्येकाला 55 टक्के दिलेत, तर करंडक त्यांच्या गटात जाण्याची शक्यता 53 टक्के होते. निम्म्याला निम्मं. 57 टक्के दिलेत तर तीच 85 टक्क्यांच्या वर जाते. दोन टक्क्यांच्या फरकाने सगळं चित्र पालटतं. म्हणून या विषयावर ठाम बोलणाऱ्यांकडे मी जरा संशयाने बघतो. दोन्ही बाजूंनी ठाम बोलता येईल इतकं हे गणित नाजूक आहे.

पण आपल्याकडे निकालांची यादी आहे, आणि ती बोलकी आहे.

स्पर्धा सुरू झाली 1970 ला, लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत. पहिल्या वर्षी तर विजेता मतदानाने ठरला: जॉनी मॉस. त्यानंतरची दोन-तीन दशकं डॉयल ब्रन्सन, स्टू अंगर, जॉनी चॅन अशा धंदेवाईक जुगाऱ्यांची. ब्रन्सन 1976 आणि 1977, अंगर 1980, 1981 आणि मग थेट 1997, चॅन 1987 आणि 1988, आणि 1989 ला तोच चॅन हेलम्युथकडून हरून दुसरा. तेव्हा मैदानात मूठभर लोक असायचे. 1979 ला हॅल फाउलर हा हौशी माणूस जिंकला आणि मोठी खळबळ झाली. त्या वर्षी खेळाडू होते फक्त 54. बाकीचे निकाल अपेक्षेप्रमाणे, कारण मैदानात हौशीच कमी होते.

मग 2002 ला रॉबर्ट वार्कोनी, आणि 2003 ला ख्रिस मनीमेकर. टेनेसीचा अकाउंटंट, इंटरनेटवरच्या 86 डॉलरच्या सॅटेलाइटमधून (मोठ्या स्पर्धेतली जागा हेच बक्षीस असलेली छोटी स्पर्धा) वेगासला आलेला, 839 जणांत पहिला, बक्षीस 25 लाख डॉलर. वाटेत आयव्हीला त्याने बाहेर काढलं तो डाव नशिबाचा होता: आयव्हीकडे फुल हाउस (एक तिकडी आणि एक जोडी), आणि रिव्हरला, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या शेवटच्या पत्त्यावर, मनीमेकरला एक्का लागून त्याचा मोठा फुल हाउस. पण हेड्स-अपमध्ये, म्हणजे शेवटी दोघेच उरल्यावर, सॅमी फर्हाविरुद्ध हातात काहीही नसताना रिव्हरला त्याने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या आणि फर्हाने टॉप पेअर (टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याची जोडी) टाकून दिली. तो डाव नशिबाचा नव्हता. तो उत्तम ब्लफ होता, आणि तो करायला छाती लागते. मनीमेकरला निव्वळ नशीबवान म्हणणाऱ्यांनी हा डाव एकदा बघावा.

पुढची चार वर्षंही अशीच. 2004 ला पेटंटचा वकील ग्रेग रेमर, 2,576 जणांतून. 2005 ला पूर्वीचा कायरोप्रॅक्टर जो हाशेम, 5,619 जणांतून. 2006 ला टीव्ही निर्माता जेमी गोल्ड, 8,773 जणांतून, 1 कोटी 20 लाख डॉलर. 2007 ला मानसशास्त्र शिकलेला, समाजसेवेत नोकरी करणारा जेरी यांग. ‘पोकर म्हणजे लॉटरी’ हे मत याच काळात पक्कं झालं, आणि आजही तुम्हाला ते ऐकू येतं ते या काळामुळेच. पण नीट बघा. हे सगळे एकाच मापाचे हौशी नव्हते. रेमर नोकरी करत असला तरी वर्षानुवर्षं कसून खेळत होता, आणि जिंकल्याच्या पुढच्याच वर्षी 5,619 जणांत तो पुन्हा 25 वा आला. दोनदा लॉटरी लागत नाही. दुसरं, त्या वर्षांत मैदान अचानक फुगलं ते सगळं हौशींनी. ऑनलाइन सॅटेलाइटमधून लोंढेच्या लोंढे येत होते, आणि व्यावसायिकांची संख्या तितक्या वेगाने वाढू शकत नव्हती. गटाच्या गणितात हौशींचं पारडं आपोआप जड झालं.

2008 पासून पारडं परत फिरलं आणि ते आजवर तसंच आहे. त्या वर्षी 22 वर्षांचा डॅनिश खेळाडू पीटर ईस्टगेट जिंकला, पुढच्या वर्षी 21 वर्षांचा जो काडा. नंतर दुहामेल, हाइन्झ, मर्सन, रीस, याकोब्सन, मॅकीहेन. 2016 चा क्वी न्गुयेन जरा वेगळा, मूळचा जुगारी पिंडाचा आणि त्याची शैली कोणाला कळतच नव्हती. पण बाकीची यादी वाचलीत तर जवळजवळ सगळे पोकरवर जगणारे. मैदान तर आणखी मोठं झालं. मग हौशी का जिंकत नाहीत? कारण दरम्यान एक अख्खी पिढी ऑनलाइन घडली. जुन्या खेळाडूला आयुष्यभरात जेवढे डाव दिसायचे तेवढे या पोरांनी चार-चार टेबलं एकदम उघडून वर्षा-दोन वर्षांत पाहिले. पुढे सॉल्व्हर आले, म्हणजे कुठल्या स्थितीत कुठला डाव किती वेळा खेळावा हे काढून देणारे प्रोग्रॅम. 2015 पासून ते कोणालाही विकत घेता येतात. घेतात सगळे. त्यांच्यासमोर रोज चार तास बसतात ते व्यावसायिक.

2025 चा विजेता मायकेल मिझराकी. त्याच उन्हाळ्यात त्याने 50,000 डॉलर बाय-इनची पोकर प्लेयर्स चॅम्पियनशिपही जिंकली, तीही चौथ्यांदा: 2010, 2012, 2018, 2025. या दुसऱ्या स्पर्धेबद्दल थोडं सांगायला हवं. इथे मेन इव्हेंटसारखा होल्डेम हा एकच प्रकार नसतो, आठ-नऊ प्रकारचं पोकर आळीपाळीने चालतं. खेळाडू साधारण शंभर. 2006 ला ती सुरू झाली आणि पहिला विजेता होता चिप रीझ. तेव्हापासून तिच्या विजेत्यांमध्ये शनिवार-रविवार खेळणारा कोणी नाही. ब्रायन रास्टने ती तीनदा जिंकलीय, डॅन केट्सने 2021 आणि 2022 अशी लागोपाठ दोनदा. शंभर जणांची स्पर्धा एकाच माणसाने चारदा जिंकावी, हे नशिबाच्या खेळात कसं व्हावं? हौशी माणसाला होल्डेम येतं, ओमाहा जेमतेम येतं, आणि ड्यूस-टू-सेव्हन आलं की तो घड्याळ बघायला लागतो.

तरी ‘छोटं आणि महागडं मैदान म्हणजे व्यावसायिकांचं’ असं सरसकट म्हणू नका. लंडनची 2019 ची ट्रायटन मिलियन ही स्पर्धा घ्या. बाय-इन साडेदहा लाख पौंड, खेळाडू 54, आणि नियम असा की श्रीमंत हौशींना आमंत्रण आणि त्या प्रत्येकाने आपला एक व्यावसायिक आणायचा. सुरुवातीला दोन्ही गट वेगळे खेळले. जिंकला आरॉन झँग, हौशींच्या बाजूचा. गंमत म्हणजे शेवटच्या दोघांत पैशांची वाटणी चिप्सच्या हिशोबाने आधीच ठरली होती, त्यामुळे दुसरा आलेला व्यावसायिक ब्रिन केनी जवळपास 1 कोटी 69 लाख पौंड घेऊन गेला आणि विजेत्या झँगला मिळाले सुमारे 1 कोटी 38 लाख. करंडक हौशीचा, जास्त पैसे व्यावसायिकाचे. आपल्या इथलं उदाहरण हवं असेल तर 2024 ला वर्ल्ड सिरीजमधली अडीच लाख डॉलर बाय-इनची सुपर हाय रोलर स्पर्धा जिंकली ती संतोष सुवर्णा या भारतीय व्यावसायिकाने... थांबा, इथे शब्द जपून वापरतो: व्यापारातल्या माणसाने, पोकरवर पोट नसलेल्याने. बक्षीस 54 लाख डॉलरच्या वर. समोर जगातले कसलेले खेळाडू होते. 

ते कसं होतं? अशा स्पर्धांत हौशी माणूस उद्योजक असतो, जोखीम तोलणं हाच त्याचा दिवसाचा धंदा, आणि आज तो वैयक्तिक प्रशिक्षक ठेवू शकतो. बाय-इनची रक्कम त्याला टोचत नाही. समोरच्या व्यावसायिकाने मात्र बहुधा आपल्या बक्षिसातला मोठा हिस्सा आधीच इतरांना विकलेला असतो, आणि तो समोरच्या दुसऱ्या व्यावसायिकापेक्षा फार तर एखाद्या टक्क्याने सरस असतो. टप्पेही सहाच. एक टक्का सहा वेळा गुणून फार काही हाती लागत नाही.

मग व्यावसायिकाचा तो 55 किंवा 57 टक्के नक्की येतो कुठून? लोकांना वाटतं की चेहरा वाचून. टीव्हीने करून ठेवलेला घोळ आहे हा. ऑल-इन झाल्यावर, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे गेल्यावर, तर कोणाचंच काही चालत नाही. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीविरुद्ध पाचांपैकी चार वेळा जिंकते, जगज्जेत्याकडे असो की तुमच्याकडे. पाच वेळा असा 80 टक्क्यांचा डाव खेळलात तर पाचही वेळा तरण्याची शक्यता तिसऱ्या हिश्श्याइतकीच उरते. व्यावसायिकाची खरी कमाई आहे ऑल-इनच्या आधीच्या असंख्य कंटाळवाण्या निर्णयांत. ब्लाइंड म्हणजे दर डावाच्या सुरुवातीला सक्तीने लावायची बोली, त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड; ती दर लेव्हलला वाढते. मेन इव्हेंटमध्ये सुरुवातीला 300 बिग ब्लाइंड इतक्या चिप्स आणि दोन-दोन तासांचे लेव्हल असतात. एवढ्या खोल चिप्स असल्या की दर डावात टर्नला (शेवटून दुसऱ्या पत्त्यावर) आणि रिव्हरला निर्णय घ्यावे लागतात, आणि दर निर्णयात हौशी माणूस थोडंथोडं सांडत असतो. उलट गोव्यातल्या कॅसिनो बोटीवरची एका दिवसात उरकणारी छोटी स्पर्धा घ्या. तासा-दीड तासात सगळे पंधरा-वीस ब्लाइंडवर येतात, मग एक तर ऑल-इन नाहीतर फोल्ड, म्हणजे पत्ते टाकणं. तिथे कुठल्या पत्त्यांवर ऑल-इन व्हायचं याचा तक्ता पाठ केलेला हौशी मला बरोबरीने टक्कर देतो. मी दिली आहे आणि खाल्लीही आहे.

सगळ्यात मोठी गळती होते बबलवर, म्हणजे आणखी थोडे बाहेर गेले की उरलेल्यांना बक्षीस नक्की अशा टप्प्यावर. मेन इव्हेंटमध्ये साधारण 15 टक्के खेळाडूंना बक्षीस मिळतं, सगळ्यात खालचं 15,000 डॉलर. सॅटेलाइटमधून आलेल्या माणसासाठी ते 15,000 म्हणजे घरी सांगायला गोष्ट. तो आवळून बसतो, राणीची जोडीसुद्धा टाकून देतो. व्यावसायिकाला हे पक्कं माहीत असतं. तो दर डावात रेझ करतो, म्हणजे बोली वाढवतो, आणि ब्लाइंड उचलतो. अर्ध्या-पाऊण तासात, एकही पत्ता न उघडता, त्याच्या चिप्स दीडपट झालेल्या असतात. अशी दीडपट करायला नाणेफेक लागत नाही.

आपल्याकडून जाणाऱ्यांत मला एक खोड नेहमी दिसते, ती तीन पत्तीची. दिवाळीत किंवा गणपतीच्या जागरणात आपण ती शिकतो. ब्लाइंड चाल लावून समोरच्याला घाबरवायचं, आणि एकदा पैसे आत गेले की मागे हटणं म्हणजे नामुष्की. पोकरमध्ये नेमकं उलटं लागतं. चांगला खेळाडू पाचांतले चार डाव पत्ते बघून निमूट टाकतो. दोन दिवस हे करून दाखवणारे नवशिके मी पाहिलेत. तिसऱ्या दिवशी, कंटाळ्याच्या क्षणी, गुलाम-चौकी सुटसुटीत दिसायला लागते. व्यावसायिकाचं श्रेष्ठत्व पुष्कळदा एवढंच असतं की त्याला कंटाळ्याची सवय झालेली असते.

कौशल्याचा पुरावा हवा असेल तर करंडक सोडा आणि पैसे बघा. शिकागो विद्यापीठाच्या स्टीव्हन लेव्हिट आणि थॉमस माइल्स यांनी 2010 च्या वर्ल्ड सिरीजचे निकाल तपासले. आधीच्या कामगिरीवरून ज्यांना वरच्या दर्जाचं ठरवलं होतं अशा सुमारे सातशे खेळाडूंना गुंतवलेल्या पैशांवर सरासरी 30 टक्क्यांहून जास्त नफा झाला. बाकीच्या सगळ्यांना सरासरी 15 टक्क्यांच्या वर तोटा. म्हणजे शंभर रुपयांचे एकाकडे एकशेतीस, दुसऱ्याकडे पंच्याऐंशी. हा फरक एकाच उन्हाळ्यातला, पण हजारो नोंदींवरचा, म्हणून मी तो कुठल्याही विजेत्याच्या यादीपेक्षा जास्त मानतो.

एक अडचण राहते: व्यावसायिक म्हणायचं कोणाला? 2023 चा विजेता डॅनियल वाइनमन सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करायचा, आणि त्याआधी त्याने वर्ल्ड पोकर टूरचा किताबही जिंकलेला होता. त्याला कुठे बसवाल? जिंकला की लोक त्याला व्यावसायिक म्हणतात, पहिल्या दिवशी हरला असता तर हौशी म्हणाले असते. मी नोकरी बघत नाही. आठवड्यातून किती तास माणूस टेबलाबाहेर आपल्या डावांचा अभ्यास करतो, ते बघतो. त्या मापाने वाइनमन व्यावसायिक, आणि पोकरवरच जगणारे माझ्या ओळखीतले काही जण चक्क हौशी.

तुम्ही स्वतः खेळायचा विचार करत असाल म्हणून शेवटी व्यवहाराचं. हौशी म्हणून सगळ्यात बरी संधी मोठ्या मैदानाच्या, कमी बाय-इनच्या स्पर्धेत असते. तिथे आजूबाजूला तुमच्यासारखेच जास्त असतात, दोन-चार महिने नीट अभ्यास केलात तर तुम्हीच तिथले 55 टक्केवाले होऊ शकता. भारतात सरावाची जागा मात्र आकसली आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि रुपयांतलं ऑनलाइन पोकर थांबलं. उरलं ते मुख्यतः गोव्यातलं लाइव्ह, म्हणजे समोरासमोर बसून खेळायचं. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर आणि वर अधिभार-उपकर लागतो, आणि हरलेल्या स्पर्धांचा खर्च त्यातून वजा करता येत नाही. लेव्हिट-माइल्सच्या त्या 30 टक्के नफ्यातून हा कर काढून बघा, म्हणजे इथे पूर्ण वेळ पोकर खेळणारे इतके कमी का, ते वेगळं सांगावं लागणार नाही.